जर्मनीचा पंतोजी

जुनें मोडावयास जेवढे हात पुढें येतात, तेवढे नवें उभारावयास येत नाहींत, हा सर्व देशांतील सुधारकांचा अनुभव आहे. आणि ह्या उभारणीचा खरा पेंच थोरांसंबंधीं नसून पोरांसंबंधीं असतो. ज्यांनीं जुन्या आचारांचें जोखड स्वतःच्या मानेवर वाहिलें, त्यांस तें झुगारून देण्याचा अर्थ न सांगतां कळतो. पण ज्यांच्या मानेवर तें कधीं पडलेंच नाहीं, त्या मुलांस काय शिकवावयाचें? बापानें ज्या भीतीपासून सुटका करून घेतली, ती भीति मुलास आधीं शिकवावी आणि मग तिच्यापासून सुटण्याचा मार्ग दाखवावा, कीं भीतीचें नांवच काढूं नये? सोळाव्या शतकांत मार्टिन लूथरनें जर्मनींत जी धर्मक्रांति केली, तिला दहा वर्षें झालीं नाहींत तोंच हा प्रश्न तिच्या पोटांतून वर आला. तो सोडविण्याचें किचकट काम ज्यानें आपल्या माथीं घेतलें, त्या फिलिप मेलांक्थॉनचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. लूथरचें नांव आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. मेलांक्थॉन युरोपांत सुप्रसिद्ध असूनही आपल्याकडे त्याची आठवण क्वचितच निघते.

फिलिपचा जन्म १६ फेब्रुवारी १४९७ रोजीं नैर्ऋत्य जर्मनींतील ब्रेटन ह्या लहानशा गांवीं झाला. त्याचा बाप गेऑर्ग श्वार्ट्सएर्ट हा पॅलेटिनेटच्या इलेक्टर राजाच्या पदरीं शस्त्रें व चिलखतें घडविणारा कारागीर होता. १५०८ सालीं आजोबा आणि बाप थोड्याच दिवसांच्या अंतरानें वारले, आणि अकरा वर्षांचा हा पोरका मुलगा फोर्त्सहाइम येथें आप्तांच्या घरीं राहून शिकूं लागला. हिब्रू भाषेचा त्या काळचा विख्यात पंडित योहान रॉयखलिन हा त्याच्या नात्यांतला. मुलाची ग्रीक भाषेंतील गति पाहून रॉयखलिननें त्याचें श्वार्ट्सएर्ट, म्हणजे काळी माती, हें जर्मन आडनांव बदलून त्याच अर्थाचें मेलांक्थॉन हें ग्रीक नांव त्यास दिलें. आमच्या देशावरच्या शेतकऱ्यास हें नांव ऐकून संतोषच होईल. काळ्या मातींत काय पिकतें हें त्यास सांगावयास नको.

बाराव्या वर्षीं हायडेलबर्गच्या विद्यापीठांत प्रवेश, चौदाव्या वर्षीं पहिली पदवी. वय लहान म्हणून वरची पदवी तेथें नाकारली गेली, तेव्हां टुबिंगेन येथें जाऊन सतराव्या वर्षीं ती मिळविली. १५१८ सालीं त्याचें ग्रीक व्याकरण छापून निघालें, आणि त्याच वर्षीं विटेनबर्गच्या विद्यापीठांत ग्रीक भाषेचा अध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. वय अवघें एकवीस, देहानें लहानखुरा, बोलतांना किंचित् अडखळणारा. हें पोरगें काय शिकविणार, असें प्रथम पाहणारांस वाटलें. पण २९ ऑगस्ट रोजीं तरुणांच्या विद्याभ्यासांत काय सुधारणा व्हावी ह्या विषयावर त्याचें पहिलें व्याख्यान झालें, आणि ऐकणारांचें मत तेथल्या तेथें पालटलें. श्रोत्यांत लूथर होता. तो फिलिपहून तेरा वर्षांनीं वडील. त्या दिवसापासून दोघांचें जें सख्य जडलें तें लूथरच्या मरणापर्यंत, मध्यंतरीं पुष्कळ ओढाताण होऊनही, तुटलें नाहीं.

लूथरचें मुख्य मत वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें, कारण पुढील सर्व वाद त्याच्याभोंवतीं फिरतो. उपासतापास, यात्रा, मठवास, दानधर्म ह्यांच्या बळावर मनुष्य ईश्वरापुढें नीतिमान ठरत नाहीं. ख्रिस्ताच्या ठायीं ठेवलेल्या विश्वासानेंच, निव्वळ ईश्वरी कृपेनें, तो नीतिमान गणला जातो. सत्कृत्यें हें त्या विश्वासाचें फळ आहे, कृपेची किंमत नव्हे. ज्या लूथरला लहानपणीं ख्रिस्त म्हणजे इंद्रधनुष्यावर बसलेला कठोर न्यायाधीश असें शिकविलें गेलें होतें, त्यास हें मत म्हणजे बंदिवासांतून सुटका वाटावी ह्यांत नवल नाहीं. हें मत पद्धतशीर रीतीनें मांडण्याचें काम मात्र मेलांक्थॉननें केलें. १५२१ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यानें नव्या पंथाच्या धर्मतत्त्वांचें पहिलें व्यवस्थित विवरण लिहिलें. विशेष हा कीं, तो धर्मोपदेशक कधींच झाला नाहीं. दीक्षा घेतली नाहीं. ईश्वरज्ञानशास्त्राची सर्वोच्च पदवीही त्यानें कधीं घेतली नाहीं. जर्मन न कळणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांस रविवारीं तो लॅटिन भाषेंत शुभवर्तमान समजावून देई, पण तें शिक्षक म्हणून.

शिक्षक हाच त्याचा खरा पिंड. १५२० सालीं विटेनबर्गच्या नगराध्यक्षाची मुलगी काटारीना क्राप हिच्याशीं त्याचें लग्न झालें, आणि त्याच सुमारास त्यानें आपल्या घरांतच मुलांची शाळा मांडली. विद्यापीठांत ज्याच्या व्याख्यानास शेंकडों विद्यार्थी गर्दी करीत, तो घरीं येऊन पोरांस व्याकरण घोंटवीत असे, त्यांच्याकडून जुनीं लॅटिन नाटकें वठवून घेत असे, आणि जो उत्तम रचना करी त्यास मुलांचा राजा ठरवून आयव्हीच्या वेलीचा मुकुट घालीत असे. लहान मुलांसाठीं अक्षरओळखीचें आणि प्रार्थनांचें एक पुस्तकही त्यानें रचलें. मोठमोठे पंडित आपल्याकडेही होऊन गेले. पण मुळाक्षरांचें पुस्तक लिहिण्यांत ज्यास कमीपणा वाटला नाहीं असा पंडित विरळा.

इकडे चळवळीचा वेग वाढत चालला होता. १५२१-२२ च्या हिंवाळ्यांत लूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपून राहिला असतां विटेनबर्गांत कांहीं उतावळ्या मंडळींनीं असा प्रचार चालविला कीं, ज्यास ईश्वर स्वतः शिकवितो त्यास पुस्तकी विद्येची गरज नाहीं. आईबापांनीं मुलें काढून घेतलीं, आणि गांवची मुलांची शाळा बंद पडली. मेलांक्थॉन त्या वेळीं गांगरला, त्यास तें आवरतां आलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. १५२२ च्या मार्चांत लूथर परत आला तेव्हां गाडें रुळावर आलें. पण विश्वासानें तरतो म्हणून शिकावयास नको, हा निष्कर्ष लोक किती सहज काढतात, हें मेलांक्थॉनच्या मनांत कायमचें कोरलें गेलें. १५२४ सालीं लूथरनें जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांस शाळा काढण्याविषयीं कळकळीचें पत्रक लिहिलें; १५२५ त आइस्लेबेन येथें आणि १५२६ त न्यूरेंबर्ग येथें मेलांक्थॉनच्या सल्ल्यानें नव्या शाळा निघाल्या. आइस्लेबेनच्या शाळेवर मुख्य म्हणून गेला तो त्याचा व लूथरचा जिवलग मित्र योहान अग्रिकोला. ह्या नांवाकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें.

१५२५ चें शेतकऱ्यांचें बंड रक्तपातांत बुडालें. त्यानंतर सॅक्सनीच्या इलेक्टरानें गांवोगांवच्या मंडळ्यांची तपासणी करविली, आणि १५२७ सालीं थुरिंगियांत फिरणाऱ्या तपासनिसांत मेलांक्थॉन होता. तेथें जें दिसलें त्यानें तो हबकून गेला. लोकांनीं उपास सोडले होते, पापांगीकार सोडला होता, देणग्या बंद केल्या होत्या. पण सोडलेल्याच्या जागीं घेतलें असें कांहींच नव्हतें. पाळक व्यासपीठावरून क्षमेचें शुभवर्तमान सांगत, पण क्षमा कशाची तें सांगत नसत. ज्यास आपल्या डोक्यावर कर्ज आहे हेंच ठाऊक नाहीं, त्यास कर्जरोखा फाडून टाकल्याची बातमी सांगून काय उपयोग? तो आनंदित होणार नाहीं, फार तर निश्चिंत होऊन आणखी उधळपट्टी करील. म्हणून तपासनिसांसाठीं लिहिलेल्या कलमांत मेलांक्थॉननें असें मांडलें कीं, पाळकांनीं विश्वासाबरोबर पश्चात्तापही शिकवावा. आणि पश्चात्ताप उत्पन्न व्हावा म्हणून आधीं दहा आज्ञा, म्हणजे नियमशास्त्र, लोकांपुढें ठेवावें.

हीं कलमें त्याच्या संमतीवांचूनच छापलीं गेलीं आणि गहजब उडाला. जुन्या पंथाचे लोक म्हणूं लागले कीं, पाहा, हे परत आमच्याकडे येऊं लागले. त्यांचें तोंड धरणें अशक्यच होतें. पण घाव बसला तो आइस्लेबेनहून. अग्रिकोलाचें म्हणणें असें कीं, पश्चात्ताप नियमशास्त्राच्या धाकानें होत नाहीं, शुभवर्तमानाच्या प्रेमानें होतो. धाकापोटीं आलेलें रडें हें खरा पश्चात्तापच नव्हे, आणि नियमशास्त्रापासून आरंभ करणें म्हणजे लूथरनें काढून टाकलेली बेडी मुलांच्या पायांत पुन्हा ठोकणें होय. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. छडीच्या भीतीनें पाढे म्हणणारा मुलगा आणि गुरुजींचें मन दुखावलें म्हणून ओशाळणारा मुलगा, ह्यांत खरा शिष्य कोणता, हें कोणाही शिक्षकास विचारावें. अग्रिकोला स्वतः शाळा चालवीत होता. तो हवेंत बोलत नव्हता.

१५२७ च्या नोव्हेंबरांत टोर्गाउ येथें लूथर आणि बुगेनहागेन ह्यांच्या समक्ष दोघांचा वाद झाला. लूथरनें तोड काढली ती अशी. ईश्वर आहे, तो आज्ञा करतो आणि मोडणारास बजावतो, हें मानणें हाही एका सामान्य अर्थानें विश्वासच, आणि तो पश्चात्तापाच्या आधीं असतो. परंतु ज्या विश्वासानें मनुष्य नीतिमान ठरतो तो विश्वास निराळा, तो पश्चात्तापानें खचलेल्या मनास क्षमेचें वचन ऐकून येतो, आणि सामान्य लोकांस शिकवितांना दोहोंची गल्लत करूं नये. अशा रीतीनें शब्दांत अग्रिकोलाचें समाधान झालें आणि व्यवहारांत मेलांक्थॉनचा क्रम राहिला. आम्हांस विचाराल तर ही तडजोड वकिली होती. मुलानें आधीं भ्यावें कीं आधीं प्रेम करावें, हा मूळ प्रश्न तिनें पुढें ढकलला, इतकेंच.

१५२८ सालीं तपासनिसांसाठीं लिहिलेला मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या अखेरीस मेलांक्थॉननें शाळांची योजना दिली. मुलांचे तीन वर्ग. पहिल्यांत मुळाक्षरें, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार. दुसऱ्यांत व्याकरण आणि इसापाच्या गोष्टी. तिसऱ्यांत जीं मुलें तयार झालीं त्यांस व्हर्जिल, ओव्हिड आणि सिसरो. दुपारचा पहिला तास लहानथोर सर्व मुलांस गायन. धर्मशिक्षणास आठवड्यांतून एक दिवस, बुधवार किंवा शनिवार. त्या दिवशीं प्रार्थना, विश्वासांगीकार आणि दहा आज्ञा म्हणवून घ्याव्या व साध्या शब्दांत समजावून द्याव्या. जे शिक्षक धर्मग्रंथावांचून दुसरें कांहीं शिकवीतच नाहींत आणि जे त्यांतलें अक्षरही शिकवीत नाहींत, ते दोघेही उपयोगाचे नाहींत, असें त्यानें स्पष्ट बजावलें आहे. मुलांवर फार पुस्तकें लादूं नयेत हेंही तो सांगतो. धर्मक्रांतीच्या ऐन धुमाळींत, जेव्हां प्रत्येक पक्ष मुलांचें डोकें आपल्या मतांनीं ठासून भरूं पाहत होता, तेव्हां बाकीचे दिवस विद्या आणि एक दिवस धर्म अशी वांटणी करणारा हा गृहस्थ आम्हांस फार मोठा वाटतो.

पण ह्या योजनेंतील उणीवही सांगितली पाहिजे. ती सर्वस्वीं लॅटिन शाळांची. मातृभाषा जर्मन तिच्यांत शिकवूं नये असें म्हटलें आहे, आणि मुलींचें तर तिच्यांत नांवही नाहीं. मुलींसाठीं, आणि तेंही जर्मन भाषेंत, धर्माचीं एकशेंतीस प्रश्नोत्तरें लिहिलीं तीं अग्रिकोलानें, आइस्लेबेनच्या मुलींच्या शाळेकरितां. वादांत ज्याची बाजू मागें पडली, तो ह्या एका गोष्टींत पुढें होता. पंडितांची दृष्टि आपल्या पंडिताईच्या कुंपणापलीकडे जाण्यास किती वेळ लागतो!

लूथरनें स्वतः सॅक्सनींतील मंडळ्या पाहिल्या, आणि १५२९ सालीं आपली लहान प्रश्नोत्तरावली प्रसिद्ध केली. तींत पहिल्यानें दहा आज्ञा, मग विश्वासांगीकार, मग प्रार्थना. म्हणजे क्रम मेलांक्थॉनच्या बाजूचा. परंतु प्रत्येक आज्ञेचा अर्थ सांगतांना लूथरनें ईश्वराची भीति आणि ईश्वराची प्रीति हीं दोन्हीं एकाच दमांत मुलाच्या तोंडीं घातलीं. टोर्गाउच्या सभेंत जें पंडितांस जमलें नाहीं, तें मुलांसाठीं लिहितांना त्यास जमून गेलें.

ह्या प्रश्नोत्तरावलीचा एक धागा आपल्या देशांतही येऊन पोंचला आहे, म्हणून थोडें आडवळण घेतों. १७०६ सालीं तरंगंबाडी येथें उतरलेल्या त्सीगनबाल्ग ह्या लूथरपंथी मिशनऱ्यानें ती तमिळ भाषेंत उतरविली आणि मुलांच्या शाळा काढल्या. त्याच परंपरेंतील ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्स हा तंजावरच्या भोसले घराण्यांतील सरफोजीराजांचा पालक व शिक्षक झाला. सरफोजीराजे गुरूवर पित्याप्रमाणें प्रेम करीत. १७९८ सालीं तो वारल्यावर त्याचें संगमरवरी स्मारक त्यांनीं तंजावरच्या ख्रिस्ती मंदिरांत उभारविलें. पण स्वतः ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. आणि पुढें ह्याच मराठा राजानें आपल्या छापखान्यांत इसापाच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावली' ह्या नांवानें मराठींत छापविल्या. मेलांक्थॉनच्या दुसऱ्या वर्गाचें पुस्तक तंजावरच्या देवनागरी खिळ्यांत उतरलें, हा योग मौजेचा खरा.

असो. १५३० सालीं ऑग्सबर्गच्या राजसभेपुढें नव्या पंथाचा विश्वासांगीकार मांडावयाचा होता. लूथर बहिष्कृत, तो कोबुर्गच्या गडावर अडकलेला. लेखणी मेलांक्थॉनच्या हातीं. विश्वासानें नीतिमान ठरण्याचें कलम त्यानें थोडक्या ओळींत लिहिलें, आणि सत्कृत्यें आम्ही निषिद्ध मानीत नाहीं हें सांगणारें कलम मात्र सविस्तर लिहिलें. ह्यावरून त्याच्या मनांत काय सलत होतें तें ओळखावें. पुढें १५३६ त अग्रिकोला विटेनबर्गास राहावयास आला आणि नियमशास्त्र मंडळींत शिकवूंच नये ह्या थरापर्यंत पोंचला. तेव्हां दहा वर्षांपूर्वीं मध्यस्थी करणाऱ्या लूथरनेंच त्याच्याविरुद्ध जाहीर वाद मांडले. १५४० सालीं अग्रिकोला बर्लिनला निघून गेला. मैत्री तुटली ती तुटलीच.

मेलांक्थॉनच्या चरित्रावरील एक डाग झांकून ठेवणें आमच्या व्रतास शोभणार नाहीं. मुलांस सौम्यपणें शिकवा म्हणणाऱ्या ह्या माणसानें प्रौढपणीं बाप्तिस्मा घ्यावा असें म्हणणाऱ्या पंथाच्या लोकांस देहान्त शिक्षा देण्यास लेखी संमति दिली, आणि जिनीव्हांत सर्व्हीटसला जिवंत जाळलें त्याचेंही पुढें समर्थन केलें. त्या काळीं बहुतेकांचें मत तसेंच होतें हें खरें. पण तो बहुतेकांपैकीं एक नव्हता, म्हणूनच त्याचा दोष अधिक.

१५४६ सालीं लूथर वारला. लगेच बादशहाशीं युद्ध झालें, १५४७ त विटेनबर्ग पडलें, विद्यापीठ उधळलें. बादशहानें जुन्या विधींचा स्वीकार करण्याची सक्ति केली, तेव्हां मेलांक्थॉननें असा पवित्रा घेतला कीं, विश्वासाचें मुख्य मत शाबूत राहत असेल तर वस्त्रें, सण, विधि असल्या गौण बाबतींत नमतें घ्यावें, पण शाळा आणि मंडळ्या जगवाव्या. ह्याबद्दल त्यास स्वपक्षाकडून जी शिवीगाळ सोसावी लागली, तिला सुमार नाहीं. तिच्यांत अग्रेसर मथियास फ्लाशियस, त्याचाच विद्यार्थी! नमतें घेण्याचा हा निर्णय चुकला असें आमचेंही मत आहे. जुलमानें लादलेली गोष्ट गौण राहत नाहीं. पण शिव्या देणारांनीं मॅग्डेबुर्गच्या तटाआडून पत्रकें काढलीं, आणि ह्यानें उधळलेलें विद्यापीठ पुन्हा उभें केलें, एवढें तरी लक्षांत घ्यावें.

शेवटचीं दहा वर्षें वादांतच गेलीं. त्याचा शिष्य गेऑर्ग मेजर म्हणाला, तारणास सत्कृत्यें अवश्य आहेत. लूथरचा जुना सहकारी आम्सडोर्फ उलट म्हणाला, सत्कृत्यें तारणास अपायकारक आहेत. थुरिंगियांतील खेड्यांत जो गोंधळ अडाणी शेतकऱ्यांच्या डोक्यांत होता, तोच तीस वर्षांनीं पंडितांच्या डोक्यांत शिरला. १५५७ च्या ऑक्टोबरांत तो वर्म्सच्या धर्मसभेसाठीं परगांवीं असतां इकडे पत्नी वारली. ती बातमी त्यास मित्र कामेरारियस ह्यानें जाऊन सांगितली. मुलगी ॲना ह्यापूर्वींच, दुःखी संसारांत, कोनिग्सबर्ग येथें वारली होती. तरी शिकविणें थांबलें नाहीं. टुबिंगेन, लाइप्झिग, हायडेलबर्ग येथील विद्यापीठांची पुनर्रचना त्याच्या सल्ल्यानें झाली, त्याची व्याकरणें शाळाशाळांतून चाललीं, आणि लोक त्यास जर्मनीचा गुरु म्हणूं लागले ते ह्याच कामावरून.

१५६० च्या एप्रिलांत प्रवासांत थंडी बाधून तो तापानें आजारी पडला. अंगांत शक्ति नसतांही कांहीं दिवस व्याख्यानास जात राहिला. मरणाच्या थोडे आधीं एका कागदावर त्यानें, मरणास कां भिऊं नये ह्याचीं कारणें दोन रकान्यांत लिहून ठेवलीं. एकीकडे, कशापासून सुटका होणार तें. त्यांत पापाच्या जोडीस धर्मपंडितांच्या त्वेषाचें नांव आहे. दुसरीकडे, काय पाहावयास मिळणार तें. त्यांत, ह्या जन्मीं जीं गूढें उकललीं नाहींत तीं उकलतील अशी आशा आहे. मुलांस समजावून देण्यासाठीं आयुष्यभर टिपणें काढणाऱ्या माणसानें अखेरचें टिपण स्वतःसाठीं काढलें. १९ एप्रिल रोजीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, तो वारला, आणि विटेनबर्गच्या किल्ल्यांतील मंदिरांत लूथरच्या शेजारीं त्यास पुरण्यांत आलें. पंडितांचे वाद त्यानंतरही सतरा वर्षें चालले. १५७७ सालीं एकमताचें सूत्र लिहिलें गेलें तेव्हां कोठें ते मिटले. त्या सूत्रांत मेलांक्थॉनच्या अनुयायांच्या कांहीं मतांचा निषेध आहे. पण नियमशास्त्र मंडळींत शिकवीत राहावें, हें त्याचें म्हणणें मात्र त्यांत कायम राहिलें आहे.